२५ हजारांत हायब्रिड सायकल: सिमेंट रोड आणि पांदण, दोन्हीकडे चालेल अशी कोणती?

संत्रीबाग

नमस्कार मंडळी. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्स पाहते. जाऊन-येऊन १६-१७ किलोमीटर होतात. आजवर स्कूटीनेच गेले, पण आता आठवड्यातले निदान तीन-चार दिवस सायकलने जायचं हे मनाशी पक्कं केलंय.

फक्त ऑफिसचा प्रश्न असता तर इथे विचारलं नसतं. माझं माहेर कळमेश्वरच्या अलीकडे. काटोल रोडने फेटरी ओलांडली की थोडं पुढे आत वळायचं. रस्त्यापासून बाबांच्या संत्र्याच्या बागेपर्यंत साधारण ३ किलोमीटर पांदण आहे. पहिला अर्धा भाग मुरमाचा, तो बरा आहे. पुढे दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तुरी, मध्ये काळी माती, बंडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताचा उंचवटा. बाभळी तर आहेतच. मला रविवारी घरून निघून थेट बागेपर्यंत सायकलने जायचं आहे, अर्धा रस्ता चालवत आणि अर्धा ढकलत नाही.

आमच्या भागातले बहुतेक रस्ते आता सिमेंटचे झालेत. रस्ता चांगला असतो, पण कडेला सिमेंट संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे कुठे कुठे चार बोटांची पायरी आहे. मागून ट्रक आला आणि कडेला उतरावं लागलं, तर बारीक टायरची भीती वाटते.

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ६२ किलो. बजेट २५ हजार, त्यातच हेल्मेट आणि कुलूप बसवायचं आहे. ट्रेकची एफएक्स आणि जायंटची एस्केप आवडल्या, पण हिशेबात बसत नाहीत. डेकॅथलॉनची रिव्हरसाइड आणि फायरफॉक्सच्या एक-दोन पाहून ठेवल्यात. एका दुकानात मला न विचारताच बास्केटवाली लेडीज सायकल पुढे केली. दुसरीकडे २१ गिअरची, पुढे-मागे सस्पेन्शनवाली घ्या म्हणून मागेच लागले. ती उचलून पाहिली तर आमच्या तिसऱ्या मजल्यावर रोज कशी चढवणार, हा विचार आला. लिफ्ट नाही.

सस्पेन्शन खरंच लागतं का? डिस्क ब्रेक घेऊ की साधे? टायर किती रुंद? आपल्याकडच्या रस्त्यांवर ज्यांनी सायकल वापरली आहे त्यांनी सांगावं, कंपनीचं कॅटलॉग मी वाचलंय.

गोरेवाडा रायडर

ताई, पांदण म्हणता आणि हायब्रिड विचारता? सरळ एमटीबी घ्या, म्हणजे माउंटन बाइक. मी गोरेवाड्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर दर आठवड्याला असतो. पुढे सस्पेन्शन आणि २.१ इंची टायर असला की चाकोरी, गिट्टी, मुळं, काही बघावं लागत नाही. हायब्रिड म्हणजे रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली, ना धड इकडची ना धड तिकडची. सिमेंट रोडवर एमटीबी थोडी जड जाते हे खरं, पण पाय तयार होतात. मागचं सस्पेन्शन मात्र या बजेटमध्ये अजिबात घेऊ नका, त्यात दुकानदाराचाच फायदा.

पान्हा १५

ताई, माझं सक्करदऱ्याला सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी नवीन सायकली विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, त्यामुळे कोणत्या कंपनीची खपली याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्याकडे काय मोडून येतं, त्यावरून सांगतो.

गोरेवाडावाल्या भाऊंचं त्यांच्या रस्त्यासाठी बरोबर आहे. पण तुमचा हिशेब पाहा. आठवड्याला ऑफिसचे ५०-६० किलोमीटर, शिवाय रविवारी काटोल रोडचा डांबरी पल्ला, आणि पांदण जाऊन-येऊन ६ किलोमीटर. म्हणजे बहुतेक सगळं चालवणं पक्क्या रस्त्यावर. त्या ६ किलोमीटरसाठी उरलेल्या सगळ्या रस्त्यावर गाठींचे रुंद टायर आणि जड फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ओढत फिरायचं, आणि वर रोज तीन मजले चढवायचं, हे मला पटत नाही. हायब्रिडच घ्या. फक्त योग्य हायब्रिड घ्या.

सस्पेन्शनचं आधी. २५ हजारांच्या आतल्या सायकलीला पुढे जो फोर्क येतो त्यात एक स्प्रिंग असते आणि बाकी फारसं काही नसतं. चांगल्या फोर्कमध्ये दाबलेली स्प्रिंग सावकाश वर यावी म्हणून तेलाची सोय असते. ती इथे नसते, म्हणून खड्ड्यात दबते आणि फाडकन उसळी मारते. साध्या फोर्कपेक्षा वजन किलो-दीड किलो जास्त. दोन पावसाळे गेले की नळ्यांवरचं रबर फाटतं, आत माती शिरते, प्लास्टिकच्या बुशी झिजतात आणि ब्रेक दाबला की पुढचा भाग टकटक हलायला लागतो. असे फोर्क घेऊन लोक येतात तेव्हा दुरुस्तीला सुटा भाग मिळत नाही, अख्खा फोर्क बदलावा लागतो. पांदणीत तुम्ही ताशी १०-१२ च्या वेगाने जाणार. त्या वेगाला टायरमधली हवाच पुरते.

म्हणून सगळा जोर टायरवर द्या. हायब्रिडला ७००सी चाक असतं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, ३५-६२२ किंवा ४०-६२२ असा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास. तुम्हाला ३८ ते ४२ रुंदीचा हवा. ३२ चा असेल तर गट्टूच्या पायरीवर रिमला मार बसेल. आणि हा ६२२ लक्षात ठेवा: कोणी २८ इंची म्हणेल, कोणी ७००सी, कोणी २९ इंची, पण हायब्रिडच्या बाबतीत तिन्हींचा रिम ६२२ च (जुन्या काळ्या सायकलींचा २८ इंची मात्र ६३५ असतो). त्यामुळे टायर-ट्यूब मिळायला पुढे अडचण येत नाही.

दुकानात एक गोष्ट स्वतः करून पाहा. टायर आणि फोर्कच्या मधल्या जागेत वरून करंगळी घाला, मग दोन्ही बाजूंनी घाला. मागे फ्रेममध्येही तसंच. करंगळी मोकळी फिरली पाहिजे. हे मी काळ्या मातीसाठी सांगतो आहे. आपली काळी माती ओली झाली की टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जातो, त्यात गवत आणि गिट्टी अडकते आणि फोर्कपाशी पोचली की चाक जाम. मग ढकलताही येत नाही, उचलूनच न्यावी लागते. जागा असेल तर थर आपोआप गळून पडायला वाव राहतो. तरीही खरं सांगतो, जुलै-ऑगस्टमध्ये मुरूम संपला की सायकल तिथेच लावा आणि पुढे पायी जा. चांगल्यात चांगली सायकल असली तरी भर पावसात काळ्या मातीत चालत नाही.

ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. तारेचे डिस्क ब्रेक चांगल्या कॅलिपरचे (डिस्कला पकडणारा भाग) असतील तर घ्या. डिस्क चाकाच्या मध्यावर असते, चिखलापासून दूर, आणि रिम घासून झिजत नाही. पण या किमतीत बऱ्याच सायकलींना नाव नसलेले कॅलिपर लावतात. ते एकाच बाजूने दाबतात, डिस्क वाकवतात, आणि पॅड मिळवायला चार दुकानं पालथी घालावी लागतात. तशा डिस्कपेक्षा बरे व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे साधे ब्रेक) कधीही चांगले. त्यांचं ब्रेक रबर कळमेश्वरच्या बाजारातही मिळेल आणि तुम्ही स्वतः एका षटकोनी चावीने बदलू शकाल. रोज ओल्या रेतीत चालवलं तर रिम झिजते, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रिम आणि रबर पुसून घ्यायचं.

आता जे कोणी विचारत नाही ते. २१ गिअर म्हणजे पुढे ३ चकत्या, मागे ७. आकडा मोठा दिसतो, पण मागे ७ असलेल्या स्वस्त सायकलींना बहुधा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) असतं. त्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा टोकाकडचा भाग आधाराशिवाय लोंबतो. खड्ड्यांचा मार सतत बसला की एक्सल तिथेच वाकतो. वाकलेले, कधी तुटलेले मागचे एक्सल मी पावसाळ्यानंतर नेहमी काढतो. मागे ८ असलेल्या सायकलींना बहुतेक वेळा कॅसेट (हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या) असते, तिथे छर्रे टोकाच्या जवळ असतात आणि एक्सल टिकतो. दुकानदाराला विचारू नका, स्वतः पाहा: मागची सगळ्यात लहान चकती, तिच्या मध्यभागी पान्हा बसायच्या खाचा दिसतील. चकत्या हाताने उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील.

पुढे एकच चकती आणि मागे ८, अशी सायकल मिळाली तर तुम्हाला ती पुरेल. समजा पुढे ४२ दाते आणि मागची मोठी चकती ३४ ची, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.७ मीटर पुढे जाते. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर टीव्ही टॉवरपर्यंत त्यात आरामात चढाल. उद्या रामटेकचा गड चढायची हौस झाली तर मात्र पुढे २८ ची लहान चकती असलेली तीनवाली बरी, तिच्यात एका फेऱ्याला १.८ मीटर, म्हणजे चढावर पाय कितीतरी हलका.

कॅरिअर आणि मडगार्ड बसवायची भोकं फ्रेमवर आहेत का ते नक्की पाहा. नसतील तर ती सायकल ऑफिसच्या कामाची नाही.

गोरेवाडा रायडर

काका, फ्रीव्हीलचं पटलं. माझ्या जुन्या सायकलचा एक्सल असाच गेला होता, तेव्हा माझं वजन जास्त म्हणून गेला असं सांगितलं होतं. सस्पेन्शनवर मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही, पण ताईंचा डांबरी रस्ताच जास्त आहे हे मान्य. लॉकआउट असलेला फोर्क मिळाला तर?

पान्हा १५

लॉकआउट म्हणजे पक्क्या रस्त्यावर फोर्क बांधून ठेवायची सोय, भाऊ. त्याने वजन कमी होत नाही आणि बुशी झिजायच्याही थांबत नाहीत. तुम्ही ज्या रस्त्याने जाता तिथे मुळं आहेत, उतारावर वेग आहे, तिथे चांगला एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) लावा. पण त्या फोर्कचीच किंमत ताईंच्या अर्ध्या बजेटपर्यंत जाईल.

धरमपेठची सायकल

संत्रीबाग, मी पण ५ फूट २ च आहे आणि सिव्हिल लाइन्सला ऑफिसला सायकलनेच जाते, म्हणून मापाबद्दल लिहिते. यावर कोणी बोललं नाही आणि माझ्या मते हे सगळ्यात आधी यायला हवं. दुकानात एस साइज नसली की एम साइज काढतात, सीट पूर्ण खाली करतात आणि "बघा, बसली की" म्हणतात. पाय टेकतात, म्हणून आपल्यालाही पटतं. पण सीट खाली केल्याने हँडल फारसं जवळ येत नाही. अर्ध्या तासाने मान आणि खांदे भरून येतात, आणि मग लोक म्हणतात सायकलच झेपत नाही.

घरून निघायच्या आधी एक माप घेऊन जा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून जितकं वर जाईल तितकं न्यायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. या अंतराला ०.८८ ने गुणलं की पायडल जिथे फिरतं त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरपर्यंतची उंची मिळते. माझं ७२ सेंटिमीटर आलं, म्हणजे सीट साधारण ६३ वर. ही उंची लावून मग हँडल धरायचं. कोपर थोडं वाकलेलं राहिलं तर माप बरोबर. हात ताठ झाले तर फ्रेम मोठी, कितीही सूट दिली तरी घ्यायची नाही. आणि नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर नळी आणि आपण यांच्यात तीन-चार बोटं तरी मोकळी हवीत, पांदणीत अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा याचं महत्त्व कळतं.

ब्रेकची दांडी लांब वाटली तर तिच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. आपले हात लहान असतात, हे दुकानदार स्वतःहून कधीच करून देत नाही.

ओढणीसाठी चकतीवर बाहेरून गोल गार्ड असलेली पाहा. मी आता ओढणी बॅगेतच ठेवते.

आणि ज्यांनी तुला बास्केटवाली पुढे केली त्यांच्याकडे परत जाऊ नकोस. तुला कुठे जायचंय हे ज्याने विचारलं नाही, तो सर्व्हिसिंगच्या वेळी काय विचारणार?

संत्रीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ऑफिसनंतर दोन दुकानं पालथी घातली. करंगळीची आणि चकत्या उलट्या फिरवायची परीक्षा घेतली, तेव्हा दुकानातला मुलगा थोडा गडबडला.

आता दोनच उरल्या आहेत. पहिली: साधा फोर्क, पुढे एक चकती, मागे ८ ची कॅसेट, व्ही-ब्रेक, टायर ३८ चे, एस साइज आहे, हात वाकलेले राहतात. दुसरी: सस्पेन्शन, २१ गिअर, डिस्क, टायर ४२ चे, पण मागे फ्रीव्हील. दुसरी ५०० रुपयांनी स्वस्त आहे आणि दिसायला खूप छान आहे. घरचे दुसरीच म्हणून राहिले. पहिली घेतली तर हातात साडेपाच हजार उरतात. आणि पंचरचं काय करू? बाबा म्हणतात, आपल्या पांदणीतून पंचर न होता सायकल बाहेर आली असं त्यांनी पाहिलं नाही.

पान्हा १५

पहिली घ्या. घरच्यांना दोन्ही एकदा तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायला सांगा, वेगळं समजवावं लागणार नाही.

३८ चे टायर आता चालू द्या. झिजले की ४२ चे टाका, करंगळी मोकळी फिरत होती ना, मग बसतील. हवा मात्र पेट्रोल पंपावर भरू नका. तिथला जोर मोटरसायकलींच्या हिशेबाचा, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फार कमी मावते, हात जरा रेंगाळला की ट्यूब फुटते. काटा असलेला पायाचा पंप घ्या. तुमच्या वजनाला पक्क्या रस्त्यावर मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय. पांदणीच्या तोंडाशी पोचलात की मागे ३५-३८, पुढे ३२-३५ वर आणा. तेवढ्याने मुरमावरचा दणका बराच कमी होतो आणि चाकोरीच्या काठावरून टायर घसरत नाही. परत डांबरीला लागलात की भरून घ्या, त्यासाठी एक छोटा हातपंप सायकललाच बांधून ठेवा.

बाभळीच्या काट्याचं म्हणाल तर बाबांचं खरं आहे. दोन उपाय एकदम करा. ट्यूबमध्ये सीलंट (छोटं भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा असेल तर त्याचा आतला वॉल्व्हपिन काढून सहज घालता येतं. आणि टायर-ट्यूबच्या मध्ये जाड पट्टी टाका. पट्टीने सायकल थोडी जड चालते, पण गोखरू तिच्यापुढे जात नाही. बाभळीचा लांब काटा कधी कधी जातो, तेव्हा सीलंट कामी येतं. शेतात पोचल्यावर चाक हळू फिरवून रुतलेले काटे पाहा. पंचर काढायची वेळ आली तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. काट्याचं टोक आत तुटून राहतं आणि दुसरी ट्यूबही तिथेच जाते. माझ्याकडे "पुन्हा पंचर झाली" म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचं कारण हेच निघतं.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सायकल ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर ठेवू नका. ४५ अंशांत पॅचचं सोल्युशन सुटतं आणि टायरच्या बाजूंना चिरा पडतात. सावली नसेल तर निदान टायरवर जुनं पोतं टाका.

उरलेल्या साडेपाच हजारांत आधी हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि कुलूप. मग मडगार्ड, पंप, सीलंट. कॅरिअर पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल.

पहिले १००-१५० किलोमीटर झाले की सायकल कुठेतरी नीट दाखवून घ्या, माझ्याकडेच आणा असं नाही. नव्या तारा ताणल्या जातात, गिअर चुकायला लागतात, आणि नवीन स्पोक सैल होतात. स्पोक वेळेवर कसले आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला तर रिम कितीतरी वर्षं टिकते. सैल चाक पांदणीत घातलं तर ते पुन्हा सरळ होत नाही.

आणि घेताना एक पाहा. सायकल खोक्यातून काढून जोडताना पायडल घाईत बसवतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने कसतात. ते जबरदस्तीने उजव्यासारखं फिरवलं तर क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) आटे जातात आणि महिनाभरात पायडल निखळून हातात येतं. दोन्ही पायडल धरून हलवून पाहा, जरा जरी डुगडुगलं तर तिथेच परत करा.